गटाचा कॉम्प्युटर ठेवायचा कुठे?

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

तव्यावर भाकरी असेल तर ती करपू देऊ नका, एका कानाने ऐकलंत तरी चालेल. ज्यांच्या हातातलं काम उरकलंय त्यांनी वही-पेन घेऊन बसा. आज मी चार-पाच आकडे सांगणार आहे आणि ते गटाच्या वहीत लिहून ठेवण्यासारखे आहेत.

विषय आहे आपल्या ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरचा. तो चालवायचा कसा हे मी आज सांगणार नाही. ते प्रशिक्षणात शिकवतात, आणि आपल्या मुली तर आपल्याआधीच शिकून बसलेल्या असतात. मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं. तो ठेवायचा कुठे? त्याला उकाडा किती सोसतो, ओल किती सोसते, धूळ किती चालते, वीज कशी लागते?

कुणी म्हणेल, ताई, यात काय सांगायचं? टेबलावर ठेवायचा आणि बटण दाबायचं. पण गावोगाव फिरताना मी कॉम्प्युटर कुठे कुठे ठेवलेले पाहिलेत ते ऐका. एका गावात लोखंडी कपाटात, दार लावून, नुसती वायर बाहेर. का, तर सुरक्षित राहतो म्हणून. एका गावात खिडकीत, थेट मावळतीच्या उन्हात. एका ठिकाणी क्रोशाने विणलेल्या सुंदर रुमालाखाली, आणि रुमालावर गणपतीची मूर्ती. आणि एका ठिकाणी मिरची कांडपाच्या यंत्राला लागून असलेल्या खोलीत. त्या शेवटच्या गावात काय झालं ते आधी सांगते.

त्या ग्रामसंघाचा कांडपाचा धंदा चांगला चालतो. मार्च-एप्रिलमध्ये तर मसाला करायला बायकांची रांग लागते. कांडपाची मोटर सुरू झाली की खोलीतला दिवा क्षणभर मंद व्हायचा आणि पलीकडच्या खोलीतला कॉम्प्युटर झटकन बंद पडायचा. हिशेब लिहिणारी मुलगी पुन्हा सुरू करायची, पुन्हा लिहायला घ्यायची. असं कितीतरी दिवस चाललं. एके दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला, पण गेल्या तीन महिन्यांच्या हिशेबाची फाइल काही उघडेना. दुरुस्तीवाल्यालाही ती उघडता आली नाही.

त्या गटातल्या एका मावशींनी शेळ्यांसाठी वीस हजार रुपये कर्ज घेतलं होतं आणि नेमके त्याच तीन महिन्यांत हप्ते भरले होते. मासिक बैठकीत प्रश्न आला, हप्ते भरले की नाही? मावशी उठून म्हणाल्या, ‘भरलेत.’ कुणी त्यांना खोटं म्हटलं नाही. पण बैठकीत एकदम शांतता झाली, आणि अशी शांतता कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. मावशी घरी गेल्या, पत्र्याच्या पेटीतल्या लुगड्यांखालून आपलं पासबुक काढून आणलं. प्रत्येक हप्त्यासमोर सचिवांची सही होती. विषय तिथेच संपला.

पण दोन सदस्यांची पासबुकं कॉम्प्युटरवर नोंद करायची म्हणून ऑफिसातच राहिली होती आणि त्यांच्यावर त्या महिन्यांच्या सह्याच झालेल्या नव्हत्या. त्यांचा हिशेब आठवणीने आणि पावत्यांनी जुळवायला दोन बैठका गेल्या. त्या दोघी सख्ख्या जावा. हिशेब जुळला, पण आजही दोघी पाण्याला एकत्र जात नाहीत.

म्हणून मला वाटतं की कॉम्प्युटर कुठे ठेवायचा हा प्रश्न टेबल-खुर्चीचा नाही. त्या डब्यात आपला पैसा नाही, तो बँकेत आहे. पण कोणाचा पैसा किती, हे त्या डब्यात आहे. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लेखे. पाचवं सूत्र आता वहीतून कॉम्प्युटरमध्ये चाललंय. १९९२ मध्ये नाबार्डने देशभरातले ५०० गट बँकांशी जोडायचे ठरवले, तेव्हा सगळा कारभार कागदावर होता. २०१५ मध्ये त्याच नाबार्डने गटांचे हिशेब संगणकावर आणायला ‘ई-शक्ती’ प्रकल्प सुरू केला. पहिल्या दोन जिल्ह्यांतला एक झारखंडमधला रामगड आणि दुसरा आपला धुळे. आता तर बँक कर्ज देताना हे लेखेच बघते. तेव्हा ते लेखे ज्यात आहेत त्या डब्याची हवापाण्याची गरज आपल्याला माहीत असायला हवी.

आता डब्याकडे येते. आजकाल ग्रामसंघांत येतो तो छोटा कॉम्प्युटर. पूर्वीचा उभा, गुडघ्याएवढा सीपीयू तुम्ही पाहिला असेल. हा त्याहून कितीतरी लहान. एखादी वीतभर लांब, वीतभर रुंद आणि दीड इंच जाड. वजन सव्वा किलोच्या आसपास. जेवणाच्या ताटाखाली सहज झाकला जाईल एवढा. जागा कमी लागते, वीज कमी लागते, हे चांगलंच. पण लहान असल्यामुळे आत हवेला फिरायला जागाही थोडीच असते आणि पंखाही बारका असतो. म्हणून मोठ्या डब्यापेक्षा याला मोकळ्या हवेची जास्त गरज.

त्याच्या खोक्यात एक पुस्तिका येते. बारीक इंग्रजी अक्षरांची. बहुतेक ठिकाणी ती खोक्यातच राहते आणि खोकं माळ्यावर जातं. मी ती वाचली. शेवटच्या पानांवर या यंत्राला कशा जागेत ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेलं असतं. कंपनीप्रमाणे थोडाफार फरक पडतो, म्हणून तुमच्या यंत्राची पुस्तिका जरूर बघा. पण छोट्या ऑफिस कॉम्प्युटरचे आकडे साधारण असे असतात. लिहून घ्या.

चालू असताना खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस. हवेतली आर्द्रता २० ते ८० टक्के, आणि यंत्रावर पाण्याचे थेंब धरता कामा नयेत. झरोक्यांसमोर सगळीकडे किमान चार इंच मोकळी जागा. वीज १०० ते २४० व्होल्ट. आणि समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३००० मीटरपर्यंत.

शेवटच्या आकड्याची आपल्याला काळजी नाही. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. म्हणजे देवीच्या देवळात नेऊन ठेवला तरी उंचीचा त्रास नाही. बाकीचे चार मात्र आपल्या रोजच्या जगण्यातले आहेत.

पहिलं, उकाडा. ३५ अंश म्हणजे खोलीतल्या हवेचं तापमान, यंत्राच्या अंगाचं नव्हे. यंत्राच्या आतला मुख्य भाग काम करताना ८०-९० अंशांपर्यंत तापतो. तेवढं तो सोसतो, तसाच बनवलेला असतो. पण आतली ती धग त्याला बाहेरच्या हवेत टाकावी लागते. पंखा एका बाजूने हवा ओढतो, ती हवा तापलेल्या धातूवरून जाते आणि दुसऱ्या बाजूने गरम होऊन बाहेर पडते. आता बाहेरचीच हवा ४२ अंशांची असेल तर तो गार व्हायचा कसा? गरम भाकऱ्या एकावर एक रचून डब्याचं झाकण घट्ट लावलं की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग यंत्र काय करतं? आधी ते स्वतःहून सावकाश चालायला लागतं, म्हणजे धग कमी व्हावी. तरीही तापलं तर जळू नये म्हणून आपणहून बंद पडतं. आपल्याकडे मे महिन्यात ‘कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस शिरला असेल’ असं म्हणतात. दुरुस्तीवाला येतो, पैसे घेतो, सगळं पुसून नव्याने भरून देतो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्याला बोलवण्याआधी एक साधी परीक्षा करा. तेच काम सकाळी सात वाजता करून बघा आणि दुपारी दोन वाजता करून बघा. सकाळी झरझर आणि दुपारी रखडत होत असेल, तर आधी उकाड्याचा संशय घ्या.

आपल्या बऱ्याचशा ऑफिसांवर पत्रा आहे. पत्र्याखालची खोली दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त तापते. एसी बसवा असं मी म्हणणार नाही, त्याचं बिल कोण भरणार? भिंतीवर टांगायचा एक साधा तापमापक आणा, स्वस्तात मिळतो. तो टेबलाच्या उंचीवर, कॉम्प्युटरच्या जवळ लावा. काटा ३५ च्या पुढे गेला की यंत्र बंद करायचं, एवढा नियम करा. उन्हाळ्यात कॉम्प्युटरचं काम सकाळी सात ते अकरा आणि उन्हं कलल्यावर करा. तशीही भर दुपारी बैठक कोण घेतं? पत्र्यावर पांढरा चुना द्या, वर तुराट्या किंवा पाचट पसरा, खाली तट्ट्या बांधा. गोठ्यासाठी जे करता तेच. बंद असलेलं यंत्र यापेक्षा बराच जास्त उकाडा सोसतं, म्हणून दुपारी बंद ठेवल्याने त्याचं काही बिघडत नाही.

कूलरबद्दल एक सांगते. कूलरचा झोत थेट कॉम्प्युटरवर सोडू नका. ती हवा गार असते, पण ओली असते. कूलर माणसांसाठी ठेवा, यंत्राकडे त्याची पाठ किंवा बाजू असू द्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

थंडीचं म्हणाल तर खालचा आकडा १० अंशांचा आहे. निफाडकडे थंडीत पारा त्याच्याही खाली उतरतो. तिकडच्या मैत्रिणींनी पहाटे घाई न करता ऊन वर आल्यावर खोली जरा ऊबदार झाली की यंत्र सुरू करावं.

दुसरं, मोकळी जागा आणि धूळ. चार इंच म्हणजे आपल्या हाताची चार बोटं आडवी धरली आणि त्यावर थोडं. भिंतीपासून, वह्यांच्या गठ्ठ्यापासून, प्रिंटरपासून एवढी फट हवीच. कपाटात बंद केला तर तो आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. चोरीची भीती असेल तर या छोट्या यंत्रांना बहुतेक वेळा मागे कुलपाची एक बारीक खाच असते. तिच्यात बसणारी तारेची साखळी मिळते, ती टेबलाच्या पायाला बांधा. किंवा जाळीचं कपाट करा. आपल्याकडे दूधदुभत्याला जाळीचं कपाट असायचंच की.

विणलेल्या रुमालाचं सांगायचं तर, रुमाल घाला, पण यंत्र बंद केल्यावर. धूळ बसत नाही, चांगलं आहे. सुरू करण्याआधी मात्र काढायचा. टीव्हीवर झाकण ठेवून कोणी टीव्ही बघत नाही, पण कॉम्प्युटरचा डबा तोंडासमोर नसतो म्हणून रुमाल तसाच राहतो.

धूळ ही आपल्या भागातली कायमची पाहुणी. मळणी असो, रस्त्याचं काम असो, वाऱ्याचे दिवस असोत. पंखा हवेबरोबर धूळही ओढतो आणि ती आतल्या धातूच्या पट्ट्यांवर थर धरून बसते. मग त्या पट्ट्यांना जणू गोधडी पांघरल्यासारखं होतं, धग बाहेर पडत नाही. मिरचीची पूड, हळद, पिठाची भुकटी तर आणखी वाईट, कारण ती चिकटते. म्हणून गिरणी, कांडप, पापडाचं यंत्र आणि कॉम्प्युटर एका खोलीत किंवा लगतच्या उघड्या खोलीत नको. दुसरी जागाच नसेल तर मधलं दार बंद राहील असं बघा आणि कांडप चालू असताना कॉम्प्युटर बंद ठेवून झाका.

जमिनीवर ठेवू नका. केर काढताना उडणारी सगळी धूळ खालीच असते आणि फरशी पुसताना पाणीही तिथेच जातं. टेबलावर ठेवा. महिन्यातून एकदा यंत्र बंद करा, भिंतीतून पिन काढा आणि मऊ कोरड्या ब्रशने झरोके साफ करा. ओलं फडकं झरोक्यांवर नको. ब्लोअरने धूळ उडवणार असाल तर आतला पंखा काडीने अडवून धरा, वाऱ्याने तो भलत्या वेगात फिरला तर खराब होतो. हे पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून एकदा बघून घ्या, मग स्वतः करा.

तिसरं, ओल. आपल्या भागात पाऊस कमी, पण हा लेख छापून आल्यावर कोकणातल्या मैत्रिणीही वाचतील. तिकडे आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, ते तुम्ही पाहिलंय. तेच पाणी यंत्राच्या आत सुटलं तर धोका. गार खोलीतून यंत्र एकदम दमट हवेत आणलं तर असं होऊ शकतं. म्हणून एसी असलेल्या दुकानातून किंवा ऑफिसातून पावसाळ्यात यंत्र आणलं, तर आल्या आल्या सुरू करू नका. खोक्यातच दोन-तीन तास राहू द्या, खोलीच्या हवेची सवय होऊ द्या.

पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस बंद ठेवण्यापेक्षा एक दिवसाआड तासभर चालवलेलं बरं. आपल्याच ऊबेने ते आतून कोरडं राहतं. ओल धरलेल्या भिंतीला टेबल लावू नका. छप्पर कुठे गळतं ते उन्हाळ्यात कळत नाही, म्हणून पहिल्या पावसात टेबलाच्या वर नीट बघा. आणि चहाचा कप टेबलावर नको. चहा सांडला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पुसा. घाईत ओल्या हाताने वायर ओढू नका.

चौथी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वीज. यंत्रासोबत काळा, विटेच्या तुकड्यासारखा अ‍ॅडॉप्टर येतो. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे १०० ते २४०. याचा अर्थ आपल्याकडची २३० व्होल्टची वीज १६०-१७० पर्यंत उतरली तरी हा अ‍ॅडॉप्टर सांभाळून घेतो. अ‍ॅडॉप्टर हरवला तर दुकानात मिळेल तो दुसरा आणून लावू नका. पाठीवरचे ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ हे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत आणि तो चांगल्या बनावटीचा पाहिजे.

मग कमी वीज सोसतो तर बिघडतो कशाने? एकाएकी जाण्याने आणि एकाएकी वाढण्याने. कॉम्प्युटर हिशेब लिहीत असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली वही कुणी हातातून हिसकावून घ्यावी तसं होतं. कांडपाच्या गावात हेच झालं. मोठी मोटर सुरू होताना क्षणभर खूप वीज ओढते आणि त्याच लाइनवरच्या बाकीच्यांना कमी पडते. तो क्षण डोळ्याला दिवा मिणमिणल्यासारखा दिसतो, पण कॉम्प्युटरला तेवढा पुरतो. म्हणून वायरमनला सांगा की मोटर, गिरणी, वेल्डिंग यांची लाइन वेगळी आणि कॉम्प्युटरची वेगळी करून दे.

दुसरा उपाय यूपीएस. ते बॅटरीचं खोकं असतं. वीज गेली की ते त्याच क्षणी आपली वीज देतं. छोट्या कॉम्प्युटरला आणि स्क्रीनला साधं घरगुती यूपीएस पंधरा-वीस मिनिटं पुरतं. ती मिनिटं काम पुरं करायला नसतात, हिशेब जपून ठेवून यंत्र नीट बंद करायला असतात. वीज गेली की हातातली ओळ पुरी करा, सेव्ह करा, बंद करा. प्रिंटर यूपीएसला जोडू नका, काही प्रिंटर एकदम इतकी वीज ओढतात की ते बसतं. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. महिन्यातून एकदा भिंतीवरचं बटण बंद करून बघा, किती वेळ टिकते. पाच मिनिटंही टिकत नसेल तर बॅटरी बदला. त्या खर्चाची तरतूद आधीच ठरावात घाला.

अर्थिंगबद्दल दोन शब्द. तीन पिनांतली जाड, लांब पिन अर्थिंगची असते. प्लग बसत नाही म्हणून कुणी ती कापून टाकतं, कुणी दोन पिनांचा जोड लावतं. असं करू देऊ नका. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगमध्ये गडबड आहे, लगेच बंद करा आणि वायरमनला दाखवा. आपल्याकडे कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्याचं अर्थिंग असतं. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडला की अर्थिंग काम करत नाही. तुळशीला पाणी घालता तसं त्यालाही अधूनमधून एक तांब्या घाला.

दिवे एकाएकी भगभगीत झाले, पंखा गरगरायला लागला, तर थांबू नका, मेन स्विच पाडा. खांबावर न्यूट्रलची तार तुटली की घरात ४०० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते, आणि त्यात टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर सगळंच जातं. वळवाचा पाऊस आला, आभाळ गडगडायला लागलं की यंत्र बंद करून भिंतीतली पिन काढा, इंटरनेटची तारही काढा. वीज पडते तेव्हा यूपीएस तिच्यापुढे टिकत नाही. अगदी डोक्यावर कडकडाट सुरू झाला असेल तर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका. यंत्रापेक्षा तुमचा जीव मोठा.

आता दोन घरगुती गोष्टी. कॉम्प्युटरजवळ बसून खाणं नको. सांडलेल्या शेंगदाण्याला मुंग्या येतात, मुंग्यांमागे पाल येते, आणि उबेला ती थेट डब्यात शिरते. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून वायरी जमिनीवर लोळत ठेवू नका, टेबलाच्या पायाला बांधून घ्या. आणि खंडेनवमीला पूजा करता ना? जरूर करा, ते आपलं औजारच आहे. हळदीकुंकू टेबलाला वाहा, फूल यंत्रावर ठेवा, पण झरोके सोडून. पाणी शिंपडू नका, उदबत्ती लांब लावा. आणि पूजा होईपर्यंत यंत्र बंद असू द्या.

एवढं सगळं केलं तरी यंत्र कधी ना कधी बिघडणार. पंखा झिजतो, बॅटरी थकते, आपली गुडघेदुखी तशीच. म्हणून शेवटची गोष्ट यंत्राबाहेरची. दर बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह ऑफिसात न ठेवता दुसऱ्या घरी ठेवा. एका महिन्यात अध्यक्षांकडे, दुसऱ्या महिन्यात सचिवांकडे. आणि प्रत्येकीने आपलं पासबुक आपल्या घरी ठेवा, हप्ता भरला की तिथल्या तिथे सही घ्या. कुणी म्हणालं, ‘राहू दे ऑफिसात, नोंद झाल्यावर देते,’ तर गोड बोलून म्हणा, ‘नोंद आत्ता कर, मी थांबते.’ त्या मावशींची लुगड्याखालची पेटी लक्षात ठेवा.

आता माझं एक मागणं. बहुतेक गावांत कॉम्प्युटर आला तेव्हा तो कुठे ठेवायचा हे आपल्याला कुणी विचारलं नाही. खोकं घेऊन येणाऱ्या माणसाला जिथे प्लग दिसला तिथे त्याने तो ठेवला आणि आपण म्हटलं, त्याला कळतं, आपल्याला काय कळतंय. पण बियाणं कुठे ठेवलं तर कीड लागत नाही, लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर टिकते, पापड कुठे वाळत घातले तर ओल धरत नाहीत, घरातली कोणती भिंत पावसाळ्यात पाझरते, दुपारी कोणत्या कोपऱ्यात वारा येतो, हे त्या माणसाला ठाऊक नसतं. ते आपल्यालाच ठाऊक असतं. या यंत्राला लागणारी निम्मी माहिती तीच आहे. उरलेली निम्मी म्हणजे ते चार आकडे, ते तर तुम्ही आत्ताच लिहून घेतलेत.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर घ्या. सगळ्या जणी उठून त्या खोलीत जा, टेबलाभोवती उभ्या राहा. ऊन कुठून येतं बघा, हात लावून भिंत बघा, प्लगची पिन बघा, चार बोटं धरून फट मोजा. जागा बदलायची असेल तर त्याच दिवशी बदला आणि ठराव लिहा. झरोके साफ करायचं आणि यूपीएस तपासायचं काम पाळीने वाटून द्या, म्हणजे एकटीवर पडणार नाही.

तुमच्या गावात जागा बदलली, काही अडचण आली, तर रेडिओच्या ऑफिसात चिठ्ठी पाठवा किंवा बाजाराच्या दिवशी येऊन सांगा. ते आपण इथे सगळ्यांना ऐकवू. आता चुलीकडे बघा. नमस्कार.